हिंग्वाष्टक चूर्ण: सुटं घ्यावं की डबीतलं?

तुरीचं घट्ट वरण, हरभऱ्याची भाजी नाहीतर येसर आमटी जेवल्यावर पोट डब्ब होत असेल, तर हे चूर्ण नक्की उपयोगी आहे. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरे, शहाजिरे, सैंधव आणि तुपात भाजलेला हिंग, आठही समभाग.

काष्ठौषधीच्या दुकानातलं सुटं चूर्ण ताजं दळलेलं असेल तर डबीपेक्षा सरस. खरी गोम हिंगात आहे. बांधणी हिंगात मैदा आणि डिंक मिसळलेला असतो, त्यामुळे तो वापरला की 'समभाग' नावालाच उरतो. हिंग तुपात फुलून कुरकुरीत झाला नाही तर नीट कुटला जात नाही, चूर्णात चिकट गोळ्या राहतात. चिमूट बोटांत चोळून बघा: तुपट-उग्र वास मागे राहिला पाहिजे. नुसता ओवाच दरवळला तर घेऊ नका.

अर्धा लहान चमचा, चमचाभर तुपात कालवून, भाकरीच्या पहिल्या घासासोबत. जेवणानंतर पाण्याबरोबर फक्की मारण्याची सवय चुकीची.

छातीत जळजळत असेल तर हे टाळाच, आग वाढते. सैंधव म्हणजे मीठच, बीपीवाल्यांनी आणि गरोदर बायांनी वैद्यांना विचारूनच घ्यावं.

सैंधवाला पावसाळ्यात ओल धरते, म्हणून काचेची बरणी आणि कोरडा चमचा.

दुकानदार 'अशक्तपणावरही चालतं' म्हणतात, ते पटत नाही. भूक सुधारते, पण थकवा महिनाभर हटत नसेल तर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासा.