वायफायचं कुलूप: आठ महिन्यांनंतर

फायबर बसवायला आलेल्या पोराने वायफायचा पासवर्ड म्हणून माझाच मोबाईल नंबर टाकला होता, वर म्हणाला मॅडम लक्षात राहील. राहिलाच, आख्ख्या बिल्डिंगच्या! मार्चमध्ये नेट फार रखडायला लागलं म्हणून राउटरचं पान उघडलं (ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, आमच्याकडे तरी हेच होतं) तर जोडलेल्या उपकरणांची यादी १७ ची, घरात मोजून ९. मग चिडून अडीच हजारांचा स्वतःचा राउटर घेतला आणि सगळं पहिल्यापासून लावलं. याच वायफायवर घरातली सगळी खरेदी चालते, किराण्यापासून सासूबाईंच्या साड्यांपर्यंत.

पहिलं काम अ‍ॅडमिन पासवर्ड. वायफायचा वेगळा आणि राउटरच्या सेटिंगचा वेगळा, हे मलाही माहीत नव्हतं. जुन्या डब्याच्या पोटाखाली स्टिकरवर अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन छापलेलं, म्हणजे नेटवर घुसलेला कोणीही आत जाऊन डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा सर्व्हर शोधून देणारी सोय) बदलू शकला असता आणि मग आपण पत्ता बरोबर टाकूनही भलत्याच सर्व्हरवर. ब्राउझर अशा वेळी साइटची ओळख पटत नाही अशी सर्टिफिकेटची वॉर्निंग देतो खरा, पण आमच्याकडे वॉर्निंग आली की "पुढे जा" दाबायची पद्धत आहे.

डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय) लगेच बंद केलं. त्याचा ८ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो त्यामुळे जेमतेम ११ हजार प्रयत्नांत सापडतो, हे २०११ पासून जगजाहीर आहे, तरी बटण अजून येतंच.

डब्ल्यूपीए३ (वायफायच्या कुलपाचा नवा प्रकार) मात्र अंगाशी आलं. हौसेने फक्त तेच ठेवलं तर प्रिंटर, गीझरचा स्मार्ट प्लग आणि सासूबाईंचा जुना फोन तिघंही रुसले. दोन आठवडे भांडून शेवटी डब्ल्यूपीए २-३ मिक्स मोडवर (जुनं-नवं दोन्ही चालतं) आले. पासवर्ड चार असंबद्ध मराठी शब्दांचा, रोमनमध्ये. चूक इथे झाली की प्रत्येक पाहुण्याला सांगावं लागतं शेंगदाण्यात ए एक की दोन.

म्हणून सगळ्यात कामाची गोष्ट ठरली गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरचं पण मेनपासून तोडलेलं दुसरं वायफाय. टीव्ही, प्लग, पाहुणे सगळे तिकडे, त्याचा पासवर्ड फ्रीजवर चिकटवलाय. बँक आणि खरेदीचे फोन-लॅपटॉप मेनवर. त्रास एवढाच की फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ टाकायचा तर नेटवर्क बदलावं लागतं, नवरा रोज कुरकुरतो. राउटरचे अपडेट ऑटो ठेवलेत, रात्री तीनला होतात, आठ महिन्यांत एकदाच सकाळी नेट बंद सापडलं.

आता खरी गंमत. दिवाळीच्या सेलमध्ये सासूबाईंना मेसेज आला, पार्सलचा पत्ता अपूर्ण, २५ रुपये भरा, खाली लिंक. ती आमच्या या कडेकोट वायफायवरच आरामात उघडली, कुलपाचं चिन्ह वगैरे सगळं होतं, कारण ते चिन्ह फक्त मधला रस्ता बंदिस्त असल्याचं सांगतं, पलीकडे दुकानदार बसलाय की चोर हे नाही. त्यांनी कार्डच्या मागचे तीन आकडे कुठले म्हणून मला हाक मारली तेव्हा कळलं. राउटर काहीच करू शकला नसता. त्या दिवशी बँकेच्या अ‍ॅपमधून दोघींच्या कार्डची ऑनलाइन लिमिट ५००० केली, मोठं काही घ्यायचं असलं की वाढवायची. ओळखीच्या साइटवर कार्ड सेव्ह ठेवते, १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानाकडे पूर्ण नंबर नाही, टोकन (कार्डाच्या नंबराऐवजीचा बदली आकडा) राहतो. नवीन दुकान असेल तर कॅश ऑन डिलिव्हरी. आणि १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर सासूबाईंच्या फोनमध्ये "चोर" नावाने सेव्ह आहे, त्यांनीच केलाय.

राउटरला पाचपैकी चार, एक मार्क टीव्हीच्या कटकटीचा कापला. परवा वरच्या मजल्यावरचा पोरगा विचारत होता, काकू तुमचं वायफाय बंद पडलंय का, बरेच महिने लागत नाहीये. हो रे म्हटलं, बंदच आहे.