शनिवार, सव्वापाच: ‘डॉक्टर हू’च्या पहिल्या ४२ भागांसोबत दहा महिने

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी सव्वापाचला आम्ही पहिली डीव्हीडी डिस्क लावली. गेल्या शनिवारी बेचाळिसावा भाग संपला. मधे गणपती, दिवाळी आणि घरातलं एक लग्न असे तीन शनिवार सुटले, बाकी एकही नाही. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या काळप्रवासाच्या मालिकेचा १९६३-६४चा अख्खा पहिला मोसम, कृष्णधवल, आठवड्याला एकच भाग. प्रेक्षक तिघं: मी, बारा वर्षांचा माझा मुलगा आणि नौपाड्याहून आमच्या पाचपाखाडीच्या घरी चालत येणारे काका. ज्यांच्या कपाटात या डिस्क पडून आहेत, किंवा घ्याव्यात की नाही असा ज्यांचा विचार चाललाय, त्यांच्यासाठी लिहिते आहे. सांगायचं एकच आहे. एका बैठकीत दोन भाग बघू नका.

बारा वर्षांपूर्वी मी नेमकं तेच केलं होतं. ऑफिसमधल्या एका मित्राकडून ‘द बिगिनिंग’ नावाचा तीन डिस्कचा संच आणला आणि पहिल्या तीन कथा, म्हणजे तेरा भाग, चार रात्रींत संपवले. संथ आहे, सेट पुठ्ठ्याचे आहेत, सारखं पळतात आणि सारखे पकडले जातात, एवढं मत बनवून संच परत केला. ते मत मी मागे घेते. यातला प्रत्येक भाग पंचवीस मिनिटांचा आहे आणि पुढचा भाग सात दिवसांनी बघणाऱ्या घरांसाठी लिहिलेला आहे. सलग लावला की भागाचा शेवट नुसता अडथळा होतो, कारण लगेच पुढे तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो.

चौथ्या भागाचा शेवट सांगते, म्हणजे कळेल. डॉक्टर, त्याची नात सुझन आणि तिचे दोन शिक्षक, इयान आणि बार्बरा, अश्मयुगातून कसेबसे सुटतात. त्यांचं यान, टार्डिस, एका पांढुरक्या, निर्जीव जंगलात उतरतं. बाहेर पडण्याआधी किरणोत्सर्ग मोजणारा मीटर बघितला जातो. ठीक आहे. सगळे वळतात, आणि कोणाचंही लक्ष नसताना काटा हळूच सरकत धोक्याच्या खुणेपर्यंत जातो. भाग संपला. माझा मुलगा उभाच राहिला. “आई, त्यांनी बघितलंच नाही! पुढचा लाव ना.” मी लावला नाही. मग आठवडाभर आमच्या घरात तो काटा होता. किरणोत्सर्ग दिसत नाही तर कळतो कसा, बाहेर किती वेळ राहिलं तर चालतं, अंगाला आधी काय होतं, हे सगळं जेवताना विचारून झालं. बुधवारी तो मला म्हणाला की काटा उशिरा हलला म्हणजे मीटरला मोजायला वेळ लागत असणार. ही मालिका सुरू करताना एक शिक्षिका इतिहासाची आणि एक शिक्षक विज्ञानाचा घ्यायचा, असं मुद्दाम ठरवलेलं होतं. त्याचा उपयोग मला त्या आठवड्यात दिसला. बारा वर्षांपूर्वी तोच काटा मी दोन सेकंद बघितला होता आणि विसरले होते.

काकांबद्दल सांगायला हवं. त्यांनी आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केले, अगदी व्हॉल्व्हच्या कृष्णधवल सेटपासून. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं तेव्हापासून ठाण्यातल्या किती गच्च्यांवर चढून त्यांनी अँटेना वरळीच्या दिशेने फिरवल्या असतील, आणि खाली खिडकीतून “आलं का? मुंग्या गेल्या का?” असं विचारलं असेल, याचा हिशेब नाही. पहिल्या शनिवारी ते नुसते चहाला आले होते. शीर्षक सुरू झालं, काळ्या पडद्यावर तो पांढरा धूर वर चढायला लागला आणि काकांनी कप खाली ठेवला. “अगं, हा कॅमेरा स्वतःच्याच टीव्हीकडे बघतोय.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी ते करून दाखवलं. माझा जुना हँडीकॅम त्यांच्याकडच्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला पिवळ्या पिनने जोडला आणि कॅमेरा त्याच टीव्हीवर रोखला. खोलीत अंधार. आधी टीव्हीत टीव्ही, त्यात टीव्ही, असा बोगदा दिसला. मग काकांनी कॅमेरा बोटभर तिरका केला, ब्राइटनेस थोडा उतरवला आणि मुलाला काडी ओढायला सांगितलं. ज्योत क्षणभर दिसली, आणि तिचा उजेड पडद्यावर पसरून फिरायला लागला. काडी विझली तरी तो फिरतच होता, ढगासारखा, मधोमध फाटत, कडेने पुन्हा जुळत. १९६३ची ती शीर्षकं नेमकी अशीच केलेली आहेत. कॅमेऱ्याचं चित्र मॉनिटरवर, मॉनिटरचं पुन्हा कॅमेऱ्यात, असं चक्र. त्यावरचं संगीतही तितकंच हातचं. रॉन ग्रेनरने सुरावट लिहिली आणि डेलिया डर्बीशायरने एकेक सूर वेगळा ध्वनिमुद्रित करून, टेपचे तुकडे कापून, चिकटवून ती उभी केली. सिंथेसायझर नव्हताच. टार्डिसचा तो घरघरता, ओढल्यासारखा आवाज तर ब्रायन हॉजसनने पियानोच्या तारेवर घराची किल्ली घासून काढलेला आहे. हे कळल्यावर मुलाने आमच्या किल्ल्यांचा जुडगा कशाकशावर घासून पाहिला. मी त्याला थांबवलं नाही.

आता चित्राविषयी, कारण डिस्क घेणाऱ्याला तेच जाणून घ्यायचं असतं. मूळ चित्रण ४०५ रेषांच्या व्हिडिओ टेपवर झालं. आज आपल्यापर्यंत आलंय ते परदेशी विक्रीसाठी १६ मिलिमीटर फिल्मवर उतरवलेल्या प्रतींमधून. टेपवर सेकंदाला पन्नास क्षेत्रं, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या रेषांची चित्रं, होती, फिल्मवर पंचवीस चौकटी उरल्या, त्यामुळे हालचाल सिनेमासारखी झाली. या डिस्कवर मधली चित्रं संगणकाने पुन्हा घडवून मूळची सलग हालचाल परत आणली आहे. वाचताना ही बारीकसारीक गोष्ट वाटेल, पण मोठा फरक इथेच पडतो. चित्र नाटकासारखं दिसायला लागतं. माणसं आत्ता, समोर, एका खोलीत वावरताहेत असं वाटतं. आणि ते खरंही आहे, कारण लंडनमधल्या लाइम ग्रोव्हच्या छोट्या स्टुडिओत यातले बहुतेक भाग जवळजवळ सलग खेळले जात. टेप कापून जोडणं महाग होतं. डॉक्टरचं काम करणारा विल्यम हार्टनेल एखाद्या वाक्यात अडखळतो आणि सावरून पुढे जातो, तो त्याचा दोष म्हणून मला आता दिसत नाही. गडकरी रंगायतनला तिसऱ्या रांगेत बसून आपण नटाला सांभाळून घेतो, तसंच इथे होतं. त्यासाठी टीव्हीत दोन गोष्टी मात्र जरूर करा. चित्र ताणून पूर्ण पडदा भरू नका, चौकट ४:३च ठेवा. आणि हालचाल गुळगुळीत करणारी नव्या टीव्हीतली सोय बंद करा, ती इथे सगळं बिघडवते.

खरेदीचा त्रास आहे, तो लपवत नाही. डिस्क कुठल्या देशांत चालावी त्याचे विभाग ठरलेले असतात: इंग्लंडच्या डिस्क विभाग २च्या, आपले प्लेअर विभाग ५चे. माझ्या प्लेअरने पहिली डिस्क घेतलीच नाही. काकांनी रिमोटवरून काहीतरी आकडे दाबून तो सगळ्या विभागांसाठी मोकळा केला, पण प्रत्येक प्लेअरला हे जमत नाही, तेव्हा आधी तपासा. मी बहुतेक डिस्क जुन्या बाजारातून घेतल्या. एक खोक्यात सुटी होऊन आली आणि ‘सेन्सोराइट्स’ या कथेचा तिसरा भाग मधेच अडकायला लागला. विक्रेत्याने उत्तर दिलं नाही, दुसरी प्रत शोधावी लागली. पावसाळ्यात जपा. जुलैत दोन डिस्कवर पांढुरके ठिपके दिसले, तेव्हापासून सगळ्या डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह पत्र्याच्या डब्यात आहेत. मराठी उपशीर्षकं अर्थातच नाहीत, इंग्रजी आहेत. काकांना ती वाचायला वेळ लागतो, म्हणून आम्ही अधूनमधून थांबवतो.

मे महिन्यात ‘मार्को पोलो’ आली. सात भागांची कथा, १२८९ साली पामीरपासून कुब्लाई खानाच्या दरबारापर्यंतचा प्रवास, आणि तिच्या सातही भागांचं चित्र आज अस्तित्वात नाही. बीबीसीने त्या काळात टेपा पुसून पुन्हा वापरल्या, फिल्मच्या प्रतीही टाकून दिल्या. साठच्या दशकातले या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग असे गेले. आवाज मात्र सगळ्यांचे आहेत, कारण तेव्हाची काही मुलं शनिवारी टीव्हीपाशी टेपरेकॉर्डर लावून बसत होती. हे मला पुन्हा पुन्हा आठवतं. एका मोठ्या संस्थेने जे जपलं नाही, ते घराघरांतल्या पोरांनी जपलं.

‘द बिगिनिंग’मध्ये फोटो आणि आवाज जोडून या कथेची अर्ध्या तासाची संक्षिप्त आवृत्ती दिली आहे. ती आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली. आधी सात शनिवार दिवे बंद करून नुसतं ऐकलं, इयानचं काम करणाऱ्या विल्यम रसेलच्याच निवेदनासह. मला धास्ती होती की मुलगा उठून जाईल. त्याला बसवलं काकांनी. आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत वाढलेला माणूस, त्यांना चित्र नसण्याचं काही वाटलंच नाही. डोळे मिटून, मान किंचित कलती करून ते ऐकत. दुसऱ्या भागात गोबीच्या वाळवंटात वादळ होतं आणि वाळू गाते, ओरडते, हाका मारते. फॅन बंद केला होता, घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि आमच्या काळोख्या खोलीत ती वाळू शिरली. मुलगा सरकत सरकत काकांना टेकला. हा प्रसंग चित्रात याहून चांगला असेल असं मला वाटत नाही.

पुढे पाणी संपतं, आणि जीव वाचतो तो टार्डिसच्या भिंतींवर आतून जमलेल्या थेंबांमुळे. बाहेर वाळवंटातली गार रात्र, आत कोंडलेली हवा. भाग संपल्यावर मुलाने फ्रिजमधला तांब्या काढून टेबलावर ठेवला आणि त्याला घाम सुटेपर्यंत बघत बसला. “इथे थंड आत आहे, तिकडे थंड बाहेर होतं,” एवढंच म्हणाला.

या कथेच्या बहुतेक भागांचा, आणि मालिकेच्या अगदी पहिल्या भागाचाही दिग्दर्शक वारिस हुसेन. जन्म लखनौचा. पहिला भाग प्रक्षेपित झाला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि निर्माती व्हेरिटी लँबर्ट सत्तावीस वर्षांची. केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, २३ नोव्हेंबर १९६३ला, तो भाग लागला आणि आठवड्याने पुन्हा दाखवावा लागला. मराठी विज्ञानकथा वाचणाऱ्यांसाठी आणखी एक धागा: जयंत नारळीकर त्या वर्षी केंब्रिजमध्ये होते, आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी १९६१ साली बीबीसीसाठी सहलेखकासोबत ‘अ फॉर अँड्रोमेडा’ ही विज्ञानमालिका लिहिली होती. तिच्या सात भागांपैकी आज पूर्ण असा एकच उरला आहे.

बाकी सगळं सारखं चांगलं नाही. पहिला भाग अप्रतिम, पण त्यानंतरचे गुहेतले तीन भाग आठवडाभराच्या अंतराने बघूनही लांबतात. ‘मरिनस’ तुकड्यातुकड्यांची, ‘सेन्सोराइट्स’ संथ. शेवटच्या फ्रेंच राज्यक्रांतीच्या कथेतले हरवलेले दोन भाग अ‍ॅनिमेशनने भरले आहेत, त्यात चित्रं इतकी भराभर बदलतात की काकांनी डोळे मिटून घेतले आणि आवाजच ऐकला. चिनी, मंगोल, अ‍ॅझ्टेक माणसांची कामं बहुतेक गोऱ्या नटांनी केली आहेत, ते खटकतं आणि खटकायलाच हवं. डॅलेक, म्हणजे दुसऱ्या कथेतले यंत्राच्या कवचातले शत्रू, मात्र साठ वर्षांनीही काम करतात. पहिल्यांदा नुसता तो दांडा बार्बरावर रोखलेला दिसतो, तिची किंकाळी, आणि आठवडाभर काहीच नाही.

सगळ्यांत उंच मी ‘अ‍ॅझ्टेक्स’ ठेवते. चारच भाग, चारही शाबूत. बार्बराला लोक देवासमान पुरोहिताचा अवतार समजतात, आणि हाती आलेल्या सत्तेने नरबळी थांबवायला ती निघते. इतिहास बदलता येणार नाही असं डॉक्टर बजावतो, ती ऐकत नाही आणि हरते. जॅकलिन हिलने हे काम इतक्या ताठ मानेने केलंय की हरल्यावर ती मुकुट उतरवते तेव्हा आमच्या खोलीत कोणी बोललं नाही. त्याच कथेत डॉक्टर एका बाईंसाठी कोको बनवतो आणि नकळत त्याचा साखरपुडा होतो. काका यावर मनापासून हसले, आणि आमच्या काकू गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

पहिला मोसम इंग्लंडमध्ये १२ सप्टेंबर १९६४ला संपला आणि दुसरा ३१ ऑक्टोबरला सुरू झाला. मधे सात आठवडे. पुढच्या कथेची डिस्क घरात येऊन पडली आहे, डब्यात सगळ्यांत वर. मी म्हटलं, दोन आठवड्यांनी लावू. मुलाने ऐकलं नाही. त्याने नव्या वर्षाचं कालनिर्णय काढलं, बोटाने शनिवार मोजले आणि सातव्यावर पेन्सिलीने चौकोन काढून त्यात लिहिलं: ५:१५, काका.