स्टुटगार्टची खोली आणि माझे 1260 युरो

सप्टेंबर 2024. डीएएडीची (परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी जर्मन संस्था) शिष्यवृत्ती मिळून मी मारबुर्गला भाषेचा कोर्स करत होते. तिथली खोली कोर्सबरोबरच मिळाली होती. ऑक्टोबरपासून स्टुटगार्टला मास्टर्स सुरू होणार होतं, तिथलं मात्र माझं मला बघायचं होतं. विद्यार्थी वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत नंबर लागेना. साठ-सत्तर ठिकाणी मेल केले, उत्तरं आली चार.

प्रत्येक मेलमध्ये मी आवर्जून लिहायचे की मला दर महिन्याला शिष्यवृत्ती मिळते, भाडं कधी थकणार नाही. घरमालकाला भरवसा वाटावा म्हणून. त्याच ओळीने माझा घात केला, असं आज मला ठाम वाटतं. खात्यात दर महिन्याला पैसे येतात आणि डोक्यावर छप्पर नाही, हे मी अनोळखी माणसांना स्वतःहून कळवत होते.

एका बाईंचं उत्तर आलं. बाड कान्स्टाट भागात 420 युरोंची खोली. 'शिष्यवृत्तीवर आलेली अभ्यासू मुलगी मिळाली, निर्धास्त झाले,' असं लिहिलेलं. बाई नोकरीसाठी स्पेनला, त्यामुळे खोली दाखवता येत नाही. एक महिन्याचं भाडं आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट भरा, किल्ली कुरिअरने येईल. करारनामा आला, पासपोर्टची प्रतही आली. आणखी दोघी तयार आहेत, उद्यापर्यंत कळवा.

इथे घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. त्या धास्तीत मी रात्रीच 1260 युरो पाठवले. नोकरीतली शिल्लक होती ती. बाई स्पेनमध्ये, घर जर्मनीत आणि खातं तिसऱ्याच देशातलं, हे मला दिसलं होतं. जर्मन खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, 'डीई'ने सुरू होतो हेही माहीत होतं. तरी विचारलं नाही.

माझ्याकडे तेव्हा 49 युरोंचं महिन्याचं तिकीट होतं, देशभरातल्या साध्या गाड्यांना चालणारं. एक दिवस मोडून स्टुटगार्टला जाऊन आले असते, तर पैसे वाचले असते. ही गोष्ट मला अजून टोचते.

किल्ली आलीच नाही. पत्त्यावर गेले तर दारावर दुसरंच नाव. दार उघडणारे आजोबा म्हणाले, "या महिन्यात तू तिसरी."

बँकेने पैसे परत मागण्याची विनंती पाठवली, पण घेणाऱ्याने संमती दिली नाही तर बँक काही करू शकत नाही. पोलिसांत तक्रार नोंदवली. काही महिन्यांनी पत्र आलं: आरोपीचा माग लागला नाही, तपास थांबवला. घरी आईबाबांना मी दीड महिना काही सांगितलं नाही. तेव्हा एका वर्गमैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपत होते.

नंतर कळलं, इथल्या कायद्याने डिपॉझिट मासिक भाड्याच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. किल्लीआधीच सगळी रक्कम मागितली की तिथेच थांबा. ऑक्टोबर 2025 पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँका नाव आणि खातं जुळतं का ते दाखवतात. पण नाव जुळलं म्हणजे खोली खरी, असं समजू नका.

मी अजून स्टुटगार्टलाच आहे. इथे येणाऱ्या कोणाला खोली बघायला येणं जमत नसेल, तर पैसे पाठवण्याआधी मला पत्ता कळवा. मी जाऊन बेल वाजवून येईन.