ईसिम: फुकट आहे, चांगलं आहे, पण पहिली रात्र खातंय

मी बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला, गाव खानापूरच्या बाजूला. कॉलेजात लायसनवालं सिम्युलेशन सॉफ्टवेअर आहे, म्हणजे सर्किट खरं न जोडता कॉम्प्युटरवर चालवून बघायचं, पण ते लॅबमध्येच चालतं आणि लॅब बंद व्हायच्या आधी मला बस पकडायला पळावं लागतं. क्रॅक व्हर्जन पेनड्राईव्हवरनं फिरत असतंच, मी पण टाकलेलं, आठ दिवसांत लॅपटॉप असा बसला की फॉरमॅट मारावा लागला आणि त्यात दोन वर्षांच्या नोट्स गेल्या. मग सीनियरनं सांगितलं ईसिम टाक म्हणून, फोनमधलं ई-सिम नव्हे, हे पण सर्किट सिम्युलेशनचंच सॉफ्टवेअर.

तर ईसिम हे मुंबईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाचं, शिक्षणात फुकट-खुलं सॉफ्टवेअर आणणारा प्रकल्प. सोर्स कोड सगळा खुला, लायसन जीपीएल म्हणजे कुणीही वापरा, बदला, वाटा, विंडोज आणि उबुंटू दोन्हीवर चालतं. हे लोक सगळं शून्यापासनं लिहीत बसले नाहीत, सर्किट काढायला कायकॅड घेतलं, गणित करायला एनजीस्पाइस घेतलं आणि दोघांची गाठ मारून दिली. एनजीस्पाइस म्हणजे १९७० च्या दशकात बर्कले विद्यापीठात जे स्पाइस तयार झालं त्याच घराण्यातलं, त्यामुळं आतलं इंजिन कच्चं नाही, ते मनातनं काढून टाका.

इन्स्टॉल करताना मात्र डोकं फिरतंय. ज्या फोल्डरमध्ये टाकताय त्याच्या नावात स्पेस नको, प्रोजेक्टच्या नावात पण स्पेस नको, आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं. रात्री दहाला बसलो, पहाटे दोनला पहिलं सर्किट उघडलं, मध्ये एकदा करंट पण जाऊन आला.

पहिलं सर्किट आपलं नेहमीचंच, ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारं. चार डायोड, १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, १ किलोओहमचा लोड. काढलं, नेटलिस्ट (कुठला पार्ट कुठं जोडलाय त्याची यादी) काढली, मग ‘कायकॅड टू एनजीस्पाइस’ म्हणून एक पायरी असते तिथं सोर्स (सप्लाय) किती व्होल्टचा, वेळ किती, डायोडचं मॉडेल कुठलं हे सगळं भरायचं. रन केलं तर ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ अशी एरर, म्हणजे त्याला गणितच सुटेना. परत केलं, परत तेच. रूममेट गोकाकचा, तो मागनं बघून म्हणतोय, "ग्राउंड एल्लैती?" म्हणजे ग्राउंड कुठंय? खरंच की! ग्राउंडच, म्हणजे शून्य व्होल्ट धरायची जागाच, लावलं नव्हतं. मग शहाणपणा करून सोर्सच्या खालच्या टोकाला एक आणि लोडच्या मायनसला एक असे दोन ग्राउंड लावले, झालं, त्यातला एक डायोडच शॉर्ट झाला आणि फुल वेव्हची हाफ वेव्ह झाली, एसीची अर्धी लाटच वाया. ब्रिजमध्ये ग्राउंड फक्त लोडच्या मायनसला, हे पुस्तकात चित्र बघून कधी डोक्यात शिरलं नव्हतं.

त्यानंतर व्होल्टेज कमी यायला लागलं. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर म्हणून मी १२ टाकलं, आउटपुट साडेदहा. अर्धा तास डायोडला शिव्या घातल्या. गोष्ट अशी की साइन सोर्सला पीक, म्हणजे लाटेच्या टोकाची व्हॅल्यू द्यायची असते, आणि ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ हे आरएमएस, म्हणजे एक प्रकारची सरासरी, त्याचं पीक १७ च्या आसपास. १७ टाकल्यावर साडेपंधरा आलं, दोन डायोडचे दीड व्होल्ट गेले, हिशोब जुळला. कॅपॅसिटर १०० मायक्रोफॅरड केला की रिपल (डीसीवर उरलेली लहर) दहापटीच्या आसपास वाढतो, तो ग्राफवर डोळ्यांनी बघितला तेव्हा कुठं फॉर्म्युला पाठ करायची गरज संपली.

अजून एक खड्डा सांगतो, यात सगळेच पडतात. एनजीस्पाइसला कॅपिटल-स्मॉल कळत नाही, व्हॅल्यूपुढं ‘एम’ लिहिला की तो मिली धरतो. मेगा पाहिजे तर ‘मेग’ लिहायचं. मी १ मेगाओहमच्या जागी १ मिलिओहम चालवून बघितलाय, ग्राफ बघून हसू आलं.

डिझाईन दिसायला साधं आहे, जुन्या सॉफ्टवेअरसारखं, आणि एरर आली की ती इंग्रजीत फेकून मोकळं होतं, कुठल्या पार्टमुळं आली ते तुम्हीच हुडका. मराठी मीडियममधनं आलेल्या पोराला सुरुवातीला जड जातं. आयआयटीवाल्यांच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी आणि कन्नडमध्ये पण बरेच कोर्स आहेत, आधी तिथं जाऊन बघा काय मिळतंय. दुसऱ्या पोरांनी केलेली सर्किटं पण ईसिमच्या साईटवरनं डाउनलोड करता येतात, ती उघडून व्हॅल्यू बदलत बसलं तरी लई कळतं.

आर्डुइनोवर (प्रोग्रॅम टाकून चालवायचा छोटा बोर्ड) एलईडी लावणं असलं काही करायचं असेल तर याच्या मागं लागू नका, सिम्युलआयडीई टाका, ते पण फुकट, खुलं आणि चालवायला हलकं. फक्त त्याचे आकडे काटेकोर धरू नका, ते बनवणारेच सांगतात की हे अचूक ॲनालिसिससाठी नाही. अँप्लिफायर, फिल्टर, पॉवर सप्लाय असलं काही असेल तर ईसिमच.

मावसभाऊ निपाणीत डिप्लोमाला आहे, काल त्याचा फोन, "दादा, माझं पण साडेदहाच येतंय." मी म्हटलं, सोर्सला किती टाकलास ते आधी सांग.