टाचेमागचे दुखणे आणि कोथरूडमधील एक फिजिओथेरपी केंद्र
दर रविवारी सिंहगड चढण्याच्या हट्टापायी डाव्या पायाची अकिलीस टेंडन (पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड पट्टा) दुखावून घेतल्यावर मी कोथरूडमधील एका लहान केंद्रात तीन महिने उपचार घेतले. पहिल्याच भेटीत, कोणत्याही यंत्राला हात न लावता, तेथील मॅडमनी मला एकेका पायावर टाच उचलायला लावली. उजव्या पायाने २५ वेळा जमले, डाव्याची पोटरी नवव्या खेपेलाच थरथरू लागली, आणि तो आकडा त्यांनी वहीत टिपून ठेवला. हाताने केलेल्या उपचारांनी पोटरीचा ताठरपणा उतरतो, पण तो आराम तात्पुरता असून टेंडनची ताकद व्यायामानेच वाढते, हे त्यांनी आरंभीच स्पष्ट केले. (याआधी दुसरीकडे मी निव्वळ शेक आणि मालिश यांवर दहा बैठका घालवल्या होत्या.) मुख्य भर होता तो पायरीच्या कडेवर चवडा टेकवून, धडक्या पायाने वर येऊन, दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडण्यावर. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या १२ आठवड्यांच्या पद्धतीत हे गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, प्रत्येकी १५ चे तीन संच, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज १८० वेळा करायचे असते. सोसायटीच्या जिन्यात शेजारी संशयाने पाहत, ते निराळे. तक्रार एवढीच, की सातची वेळ घेतली तरी आत जायला पावणेआठ होतात. आता पाच किलोमीटर विनावेदना पळता येते. गडासाठी मात्र मॅडमनी आणखी महिनाभर थांबायला सांगितले आहे.