आयकॅनची डोमेन हस्तांतरण व्यवस्था: भरवशाची, पण उशिरा सुधारलेली
डोमेन म्हणजे वेबसाइटचे नाव. ही नावे ग्राहकांना नोंदवून देणारी कंपनी, म्हणजे रजिस्ट्रार, बुडाली तर तिच्याकडची नावे दुसऱ्या रजिस्ट्रारकडे सोपवण्याची व्यवस्था आयकॅन ही डोमेनचा जागतिक कारभार पाहणारी संस्था करते. रजिस्ट्रार बुडाला तरी डोमेनची मूळ नोंद रजिस्ट्रीकडे, म्हणजे नावांची मध्यवर्ती नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेकडे, शाबूत राहते, हा या व्यवस्थेचा सर्वांत मोठा गुण आहे. मात्र २००७ मध्ये अमेरिकेतील रजिस्टरफ्लाय ही रजिस्ट्रार कंपनी कोलमडली तेव्हा नूतनीकरणाचे पैसे भरूनही अनेकांची नावे मुदत संपून हातची गेली, आणि मार्चमध्ये तिची मान्यता काढण्याची नोटीस देणाऱ्या आयकॅनला सुमारे ८,५०,००० नावे गोडॅडी या दुसऱ्या रजिस्ट्रारकडे सोपवायला मे उजाडला. ही दिरंगाई ग्राहकांना फार महागात पडली. मालकाचे नाव झाकणारी सेवा घेतलेल्यांची तर अधिकच अडचण झाली, कारण मालकी दाखवायला उघड नोंदीत त्यांचे नावच नव्हते. पुढे रजिस्ट्रारांना ग्राहकांचा तपशील त्रयस्थ संस्थेकडे नियमित जमा करणे भाग पडले, म्हणून आज मी ही व्यवस्था विश्वासार्ह मानतो. वेबसाइटच्या फायली आणि ईमेल मात्र तिच्या कक्षेत येत नाहीत, त्यांची प्रत आपणच ठेवावी लागते.