‘ताई, आपण ड्रिल लावतच नाही’ : साइड स्टेपच्या व्यवहारात झालेली माझी फसवणूक

मोठ्या एसयूव्हीला साइड स्टेप, म्हणजे चढण्या-उतरण्यासाठी दाराखाली लावतात ती पायरी, बसवून घेताना माझे 39,850 रुपये गेले आणि आज त्या गाडीला साइड स्टेप नाही. रक्कम आधीच सांगून टाकते, कारण ती मी घरच्यांपासूनही महिनाभर लपवली होती. स्वस्ताच्या मागे लागले की असेच होते, हे मला आतापर्यंत चौघांनी ऐकवले आहे. मी स्वस्ताच्या मागे लागले नव्हते. माझी गरज तातडीची होती.

माझ्या सासूबाई 76 वर्षांच्या आहेत आणि त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. गाडी उंच असल्यामुळे चढताना त्या दाराच्या वरचे हँडल दोन्ही हातांनी धरत, मी मागून आधार देत असे आणि दर पंधरवड्याला दवाखान्यात जाताना हाच प्रकार दोनदा होई. शोरूमने कंपनीच्या साइड स्टेपसाठी फिटिंगसह 36,900 रुपये सांगितले आणि माल यायला दीड महिना लागेल असेही सांगितले. बाहेरच्या एका ॲक्सेसरीवाल्याने 21,500 रुपये सांगितले आणि तीन दिवसांत बसवून देतो म्हणाला. दीड महिना आणि तीन दिवस यांतला फरक मला रकमेतल्या फरकापेक्षा मोठा वाटला.

मी डोळे मिटून पैसे दिले नाहीत. स्टेपचा पाइप कोणत्या स्टीलचा, तो गाडीला धरून ठेवणारे ब्रॅकेट कुठे बसणार आणि पत्र्याला भोके पाडावी लागणार का, हे तिन्ही प्रश्न मी विचारले होते. त्याची उत्तरे तयार होती. पाइप स्टेनलेस स्टीलच्या 304 ग्रेडचा, ब्रॅकेट कंपनीने दिलेल्या भोकांतच बसणार, आणि ‘ताई, आपण ड्रिल लावतच नाही, काळजी करू नका.’ एवढे बोलून त्याने खिशातून लोहचुंबक काढले, पाइपला लावून दाखवले, ते चिकटले नाही, आणि माझी खात्री पटली. 202 ग्रेडच्या पाइपलाही चुंबक तसेच चिकटत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हते. गंजाला तोंड देण्यासाठी 304 मध्ये निकेल साधारण 8 टक्के किंवा त्याहून अधिक असते. 202 मध्ये ते 4 ते 6 टक्के असते आणि उरलेली कसर मँगनीजने भरून काढलेली असते, म्हणून ते स्वस्त पडते आणि चिखलपाण्यात लवकर डागाळते. दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत. कोणी तुम्हाला चुंबक लावून ग्रेड सिद्ध करून दाखवू लागला, तर तिथेच व्यवहार थांबवा.

10,000 रुपये आगाऊ घेतले. बिल मागितले तेव्हा ‘बिल केले तर वर टॅक्स लागेल, गॅरंटी तर माझ्या शब्दाची आहे’ असे उत्तर आले आणि मी गप्प बसले. ही माझी चूक होती आणि ती मी लपवणार नाही. फिटिंगच्या दिवशी उरलेले 11,500 रुपये, आधी मोफत सांगितलेल्या फिटिंगचे 1,200 आणि ‘गंजरोधक कोटिंग’चे 850 घेतले. असे एकूण 23,550 रुपये त्याच्या हातात गेले, तेही त्याने सांगितलेल्या दोन वेगवेगळ्या खात्यांवर.

आता ज्या क्षणाने माझी आजही झोप उडते, त्याविषयी. मला आतल्या केबिनमध्ये बसवले होते आणि मधले दार लोटलेले होते. साधारण अर्ध्या तासाने ड्रिलचा आवाज आला. तो आवाज ओळखायला चुकावे असे काही नव्हते. आधी पत्र्यावर घसरल्यासारखा किरकिरला आणि मग एकदम आत गेल्यासारखा खाली उतरला. मी उठून बाहेर आले. गाडीखालून निघालेल्या मुलाच्या बाहीवर धातूचे बारीक, वेटोळे कीस चिकटलेले होते आणि त्यांतल्या काहींना एका बाजूने माझ्या गाडीचा रंग होता. माझ्या गाडीचा रंग! हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मालक लगेच पुढे आला आणि म्हणाला, ‘ताई, कंपनीच्या भोकात रंग साचतो, तो साफ करून घेतोय.’ तिथे उभ्या असलेल्या रिकाम्या खोक्याच्या स्टिकरवर दुसऱ्याच गाडीचे नाव होते, तेही मी वाचले. तरीही मी परत आत जाऊन बसले. अर्धे काम झालेले, पैसे दिलेले, चारचौघांसमोर वाद नको वाटलेला आणि समोरचा माणूस इतका शांत. अशा वेळी आपण आपल्या डोळ्यांपेक्षा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. फिटिंग चालू असताना गाडीजवळून हलू नका. ‘कस्टमरला इथे उभे राहता येत नाही’ असे म्हणाले तर गाडी घेऊन निघून या.

सातव्या आठवड्यात, पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाल्यावर, दाराखालच्या पट्टीवर तपकिरी ओघळ दिसू लागले. त्यानंतर चारच दिवसांनी सासूबाईंनी डावा पाय स्टेपवर ठेवला आणि पुढचा ब्रॅकेट पिळवटून खाली आला. हँडल हातात होते म्हणून त्या पडल्या नाहीत, पण नडगी स्टेपच्या कडेवर घासून सोलपटली. त्यांचे वजन 58 किलो आहे. माणूस स्टेपच्या बाहेरच्या कडेवर पाय देतो तेव्हा ते वजन सरळ खाली न जाता तरफेसारखे ब्रॅकेटच्या मुळाशी येते, आणि म्हणूनच साइड स्टेपमध्ये पाइपच्या चकाकीपेक्षा ब्रॅकेट कशाला आणि कशाने आवळला आहे, हेच पाहायचे असते.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी रॅम्पवर चढवली तेव्हा मेकॅनिकने मला खाली बोलावून बॅटरीच्या उजेडात दाखवले. कंपनीने दिलेली आट्यांची भोके जागच्या जागी होती, त्यांवरची काळी रबरी बुचेसुद्धा कोणी काढलेली नव्हती, आणि त्यांच्यापासून जेमतेम चार बोटांवर, दाराखालच्या पोकळ पत्र्यात, दोन्ही बाजूंना मिळून बारा नवी भोके पाडून त्यांत सेल्फ टॅपिंग, म्हणजे पत्र्यात स्वतःच आटे पाडत जाणारे, स्क्रू पिळलेले होते. ब्रॅकेट दुसऱ्या गाडीचे असल्यामुळे ते मूळ भोकांशी जुळतच नव्हते. भोकांच्या कडांना रंग नाही, सीलंट नाही. पाणी थेट पोकळीत जात होते. शिवाय पोकळीतून पाणी निघून जाण्यासाठी खाली ठेवलेली दोन छिद्रे त्या 850 रुपयांच्या ‘गंजरोधक कोटिंग’ने बुजवून टाकली होती. एक स्क्रू आतल्या वायरिंगच्या जुडग्यापासून बोटभर अंतरावर गेला होता. स्टेप काढणे, भोके साफ करून बुजवणे, गंज थांबवणे आणि रंग यांसाठी 14,800 रुपये लागले. त्या पट्टीवरची गंजाची वॉरंटी संपली असे तोंडी सांगण्यात आले. पाइपचा तुकडा मी 1,500 रुपये देऊन तपासून घेतला; निकेल 4.2 टक्के निघाले.

दुकानदाराने आधी ‘वजन जास्त पडले असेल’ म्हटले, मग ‘तुम्ही स्टेपलाच जॅक लावला असेल’ म्हटले, आणि शेवटी माझा नंबर ब्लॉक केला. जॅक कधीही साइड स्टेपला लावायचा नसतो, हे मला माहीत आहे आणि मी तो लावलेला नव्हता. गाडीचा भार घेतात ते रॉक स्लायडर, म्हणजे खडकाळ रस्त्यासाठी दाराखाली लावतात ते जाड लोखंडी दांडे. साइड स्टेप फक्त चढण्या-उतरण्यासाठी असते, तीही एका वेळी एका माणसाने.

यानंतर ज्यांच्याकडे दाद मागायची, त्यांचा अनुभव दुकानदारापेक्षा वाईट आला. पोलीस ठाण्यात माझा अर्ज घ्यायलाच तयार नव्हते. ‘माल मिळाला, बसवून मिळाला, मग फसवणूक कसली, हा दिवाणी वाद आहे’ असे मला उभ्याउभ्याच सांगितले, आणि दुसऱ्या गाडीचे ब्रॅकेट आणि खोटी ग्रेड सांगून पैसे घेतले हे मी तीनदा सांगूनही ते लिहून घेतले नाही. परिवहन कार्यालयात ‘आमचा संबंध नाही’ आणि वर ‘बाहेरून कामे करून घेताच कशाला’ असा उपदेश. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. 24 दिवसांनी ‘विक्रेत्याकडून प्रतिसाद नाही’ एवढ्या शेऱ्यावर ती बंद झाली, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार तो गप्प राहिला की तक्रार संपली! सर्व्हिस सेंटरकडे मी भोकांविषयी लेखी अहवाल मागितला, तर त्यांनी जॉब कार्डवर ‘साइड स्टेप काढली’ एवढेच लिहून दिले. बारा भोके डोळ्यांसमोर असताना तो शब्द लिहायला कोणी धजावले नाही. आणि प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न एकच : बिल कुठे आहे?

बिल न देणे हीच मुळात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. हे त्या खिडक्यांवरच्या एकानेही मला सांगितले नाही. ते मी स्वतः कायदा उघडून वाचले. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि आपण मोबदला म्हणून दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, हेही कायदा आणि त्याखालचे नियम वाचूनच कळले. ज्यांच्यासोबत असे झाले आहे त्यांनी मोबाइलवरून पैसे पाठवल्याच्या नोंदी, दुकानदाराशी झालेले मेसेज आणि गाडी रॅम्पवर असतानाचे फोटो पुसू नयेत. मी फोटो काढले नसते तर भोके बुजवल्यावर माझ्याकडे काहीच उरले नसते.

ज्यांना अजून बसवायची आहे त्यांनी ब्रॅकेट आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलचे आणि वर्षाचे आहेत का, हे खोके उघडण्यापूर्वी पाहावे. मजबूत बोल्टच्या डोक्यावर त्याच्या ताकदीचा 8.8 असा आकडा कोरलेला असतो, तो शोधावा. सेल्फ टॅपिंग स्क्रू दिसला तर काम थांबवावे. हजार किलोमीटरच्या आत बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळून घ्यावेत आणि वयस्कर माणसांना पाय ब्रॅकेटच्या जवळ, रबरी पट्टीवरच ठेवायला सांगावे.

तक्रारीचा मसुदा तयार आहे आणि पुढच्या सोमवारी तो आयोगात दाखल होईल. ते बारा स्क्रू मी एका पाकिटात घालून त्यावर तारीख लिहून ठेवले आहेत; त्यांतल्या चारांच्या आट्यांत अजून माझ्या गाडीचा रंग अडकलेला आहे. शोरूममध्ये कंपनीच्या स्टेपची मागणी नोंदवली आहे, दीड महिन्यानेच मिळणार आहे. तोपर्यंत डिकीत एक लाकडी चौरंग ठेवला आहे आणि सासूबाई चढताना तो मी पायाने दाबून धरते.